उडत्याचा तिसरा भाग

अक्काला सिनेमाला न्यायचं ठरलं तेव्हा मी चौदा मुद्द्यांची यादी केली. थिएटरला पायऱ्या किती, कठडा कोणत्या हाताला, लिफ्ट चालू असते का, कडेची खुर्ची मिळते का, बाथरूम कोणत्या मजल्यावर, मध्यंतरात गर्दी किती होते. मी जळगावला एका कॉलेजच्या ऑफिसात परीक्षांची कामं बघते. कोणत्या वर्गात किती बाकं आणि कोणाचा नंबर कुठे, हे लावण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत. एका बाईला एका खुर्चीत तीन तास बसवणं मला जड जाईल असं वाटलं नव्हतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचं सासर शिरपूरजवळच्या खेड्यात, दाजींची कपाशीची शेती. गावात कोणाचंही लग्न असलं की हळदीची गाणी म्हणायला पहिलं बोलावणं तिला. गाणी तिला पाठ होतीच, पण चालत्या गाण्यात ती नवरदेवाच्या मामाचं, मावशीचं, रुसून न आलेल्या आत्याचंही नाव घालायची. आत्याला टोमणा बसायचा आणि दुसऱ्या दिवशी आत्या हजर व्हायची.

दीड वर्षापूर्वी एका पुतण्याच्या लग्नात स्टेजवरून उतरताना तिचा पाय साडीत अडकला. तीनच पायऱ्या होत्या. ती पडली ती थेट बँडवाल्याच्या ढोलावर, आणि ढोल वाजला. सगळा मांडव हसला. मीही हसले असेन, कारण आवाजच तसा निघाला. मनगटाला प्लास्टर बसलं, दीड महिन्यात निघालं. पण कोणीतरी मोबाइलवर ते सगळं टिपलं होतं. खाली गाणं जोडून तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, तिथून गावात गेला, आणि गावातून कुठे कुठे गेला ते सांगता यायचं नाही. शिरपूरच्या बाजारात एका अनोळखी बाईनं अक्काला थांबवून विचारलं, "तुम्हीच का त्या ढोलवाल्या?"

त्यानंतर अक्का गर्दीत गेली नाही. लग्न नाही, बाजार नाही, हिवाळ्यात शेतात होणाऱ्या भरीत पार्ट्याही नाहीत. कारण विचारलं की गुडघा. गुडघा ठणठणीत होता. डॉक्टरांनी तसं मला स्वतः सांगितलं होतं.

हे असंच चाललं असतं, पण शेजारच्या मुलीचं लग्न निघालं. ही मुलगी अक्काच्या ओट्यावर रांगली, तिच्याच हातची भाकरी खाऊन शाळेत गेली. हळद पुढच्या आठवड्यात गुरुवारी होती. मुलगी स्वतः सांगायला आली, म्हणाली, अक्का, तुम्ही नसाल तर मला हळद नको. अक्का म्हणाली, "माय, मना गुडघा." मुलगी डोळे पुसत घरी गेली. हे मला दाजींनी फोनवर सांगितलं. दाजी फोनवर तीन वाक्यांच्या वर जात नाहीत, त्या दिवशी ते सहा वाक्यं बोलले. शेवटचं होतं, "तू काही तरी कर, मॅडम."

मी विचार केला. अक्का एकदा, फक्त एकदा, चार लोकांत बसून सुखरूप घरी आली तर पुढचं सोपं होतं. मला अशी गर्दी हवी होती जिथे कोणी कोणाकडे बघत नाही. अशी जागा मला एकच सुचली. अंधार असलेली.

शिवाय अक्काला ओढून नेण्यासाठी माझ्याकडे उडत्या होता.

उडत्या हा परदेशी सिनेमातला वीर. त्याला चांगलं लांबलचक नाव आहे, पण अक्का त्याला उडत्याच म्हणते. टीव्हीवर त्याचे दोन भाग हिंदीत लागतात आणि भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता ते तिनं किती वेळा पाहिले असतील याचा हिशेब नाही. पहिल्या भागात तो बंदरावर क्रेन चालवणारा साधा माणूस असतो, आकाशातून पडलेल्या धातूच्या तुकड्याला त्याचा हात लागतो आणि तो उडायला लागतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी शहर त्याचा सत्कार करतं आणि भर सत्कारात, सगळ्या शहरासमोर, तो वरून खाली पडतो. सिनेमा तिथेच संपतो. अक्काचं त्याच्यावर प्रेम आहे ते तो उडतो म्हणून नाही, आईला विचारल्याशिवाय घराबाहेर पडत नाही म्हणून. दीड वर्षापासून मात्र दुसरा भाग लागला की शेवटच्या दहा मिनिटांना ती पाणी भरायला उठते.

मी फोन केला. "अक्का, तिसरा भाग लागलाय. धुळ्याला."

पलीकडे शेंगा फोडल्याचा आवाज थांबला. मग, "उडस का तो?"

"तेच तर बघायचंय."

"सांगू नको माले."

"मलाही माहीत नाही."

"मंग दाजीले सांग, रविवारले गाडी काढ म्हना."

रविवारी दुपारी दोन खेळ होते, साडेबाराचा आणि एकचा. तिकिटं मी चार दिवस आधी मोबाइलवर काढली. साडेबाराच्या खेळाला फक्त पुढच्या रांगेत मधल्या खुर्च्या उरल्या होत्या. एकच्या खेळाला जवळजवळ सगळं थिएटर मोकळं. दाराजवळची रांग, कडेच्या तीन खुर्च्या, लगेच मिळाल्या. मला आनंद झाला. जागा रिकाम्या का आहेत, हा प्रश्न चौदा मुद्द्यांत नव्हता.

मी पारोळ्यावरून एसटीनं तासभर आधी धुळ्याला पोचले, लिफ्टनं दोनदा वर-खाली करून पाहिलं, बाथरूमचा नळ सोडून पाहिला. पावणेएकला दाजी पुतण्याची गाडी घेऊन आले. दाजी गाडी बैलगाडीच्या बेतानं चालवतात, नरडाण्याच्या पुढे मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून दमले होते म्हणे. अक्का मातकट रंगाची साडी नेसून आली होती. चार बायकांत उठून दिसणारी माझी बहीण त्या दिवशी भिंतीत मिसळेल अशा बेतानं तयार झाली होती. लिफ्टमध्ये एका माणसानं तिच्याकडे सहज पाहिलं, तर तिनं मान खाली घातली ती खुर्चीत बसेपर्यंत वर केली नाही.

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला. पडद्यावर उडत्याची आई स्वयंपाकघरात उभी होती. तिनं तोंड उघडलं आणि ती इंग्रजीत बोलली.

मला वाटलं, सुरुवातीला असेल थोडं. पण दुसरं वाक्यही इंग्रजी आणि तिसरंही. अक्का माझ्याकडे झुकली.

"हाई काय बोली ऱ्हायनी?"

"इंग्रजी, अक्का."

"आते हिंदी व्हई का?"

मी मोबाइलवर तिकीट पुन्हा उघडलं. तारखेच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, भाषा लिहिलेली होती. "नाही," मी म्हणाले. "सगळाच इंग्रजी आहे."

पलीकडून दाजींचा आवाज आला. "मॅडमनी यादी चुकनी."

साडेबाराचा खेळ हिंदी होता, पण तो सुरू होऊन अर्धा तास झाला होता आणि तिथे जागा नव्हती. अक्कानं पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली, म्हणजे ती निघणार होती. मी मनातल्या मनात पुढचं सगळं पाहिलं. आता ही घरी जाईल, गुरुवारी दार लावून घेईल, शेजारच्या मांडवातली गाणी भिंतीपलीकडून ऐकेल, आणि पुन्हा तिला कुठे न्यायचं म्हटलं की म्हणेल, एकदा ऐकलं ना तुझं.

तेवढ्यात पडद्यावर उडत्या दिसला. एका खोलीत, खिडकीकडे पाठ करून, तो जुने रेडिओ दुरुस्त करत बसला होता. दाढी वाढलेली.

"वाळी गया," अक्का पुटपुटली. पिशवी मांडीवरच राहिली, पण ती उठली नाही.

आईनं त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि काही बोलली. दाजींनी विचारलं, "काय म्हनस ती?" दाजींना एका कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे ते स्वतः मोठ्यानं विचारतात आणि उत्तरही मोठ्यानंच द्यावं लागतं.

"'दोन घास खाई ले' म्हनस," अक्का म्हणाली.

मग उडत्या बोलला. चांगली दहा-बारा वाक्यं बोलला.

"हाऊ काय म्हनस?"

"'भूक नही' म्हनस."

"इतलं बोलना, नि फक्त भूक नही?"

"बाकीना बहाना शेतस."

मला इंग्रजी येतं. तो रात्री झोप लागत नाही, जुनी स्वप्नं पडतात वगैरे सांगत होता. पण तात्पर्य विचाराल तर अक्काचं बरोबर होतं.

त्या थिएटरात आम्ही अकरा माणसं होतो, मी मोजली. पुढे दोन रांगा सोडून एक मुसलमान कुटुंब होतं, शिवणकाम करणारा मुलगा (हे मध्यंतरात कळलं), त्याची बायको आणि बुरख्यातली म्हातारी आई. मागे पाच कॉलेजची मुलं-मुली. दाजींसाठी चाललेलं भाषांतर सगळ्यांना ऐकू जात होतं. म्हातारी मागे वळली.

"बहनजी, ज़रा ज़ोर से बोलो ना. हम भी फँस गए हैं. इसको अच्छी सीटें दिखीं, इसने ले लीं."

तिचा मुलगा खुर्चीत खाली सरकला. त्याच्याबद्दल मला फार आपुलकी वाटली.

अक्कानं पदर पुढे ओढला आणि गप्प झाली. अंधारात कोणी हिच्याकडे बघणार नाही या हिशेबानं मी तिला आणलं होतं, आणि इथे पंधरा मिनिटांत लोक माना वळवून बघायला लागले होते. पण म्हातारीनं उत्तराची वाट पाहिलीच नाही. ती उठली, बुरखा सावरत दोन रांगा चढून आली आणि अक्काच्या बरोबर पुढच्या खुर्चीत अर्धी मागे वळून बसली. "हाँ, बोलो. ये टोपीवाला कौन है?"

अक्कानं पडद्याकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. "टोपीवाला चांगला नही," ती म्हणाली, मग हिंदी आठवून, "अच्छा आदमी नहीं शे वो. देखो ना, उसकी माय को नमस्ते बी नहीं किया."

तिथून ती सुरू झाली. हिंदी आणि अहिराणीची सरमिसळ, पण म्हातारीला शब्दन् शब्द कळत होता. मागून एक मुलगा म्हणाला, "मावशी, जरा हळू." दहा मिनिटांनी तोच म्हणाला, "मावशी, ती निळ्या कोटातली कोण?"

"आधीना भाग पाह्यात नही का तू?"

"नाही."

"मंग आठे काय करी ऱ्हायना?" असं म्हणून तिनं त्याला पहिले दोन भाग दोन मिनिटांत सांगितले. क्रेन, धातूचा तुकडा, सत्कार, हारतुरे. "मंग तो पडना," ती म्हणाली. "बठ्ठा गावसमोर." इथे ती थांबली. मुलगा म्हणाला, "मग?" अक्का म्हणाली, "मंग काय. हाऊच भाग."

सिनेमात बंदरावरचे कामगार उडत्याच्या दारात आले. शहरावर संकट आलं होतं, चल म्हणत होते. उडत्यानं मान खाली घातली आणि दोनच शब्द बोलला.

"क्या बोला?" म्हातारीनं विचारलं.

"'मना गुडघा' म्हनस," अक्का म्हणाली.

तो म्हणाला होता, मी थकलोय. मागच्या मुलांना ते कळलं असणार, एकजण काही बोलायला गेला आणि का कोण जाणे, थांबला. मीही बोलले नाही.

मग दाजी म्हणाले, "गुडघा तर चांगला शे त्याना."

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. कामगार दारातून परत गेले, आईनं दार लावलं, एवढं सगळं होऊन गेल्यावर ती म्हणाली, "माले माहीत शे."

आणि मग पडद्याकडे हात करून, सबंध थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात, "ऊठ ना मंग. कितला दिन घरमा बठशी?"

"यही तो मैं कब से बोल रही," म्हातारी म्हणाली.

मध्यंतरात शिवणकामवाल्यानं सगळ्यांसाठी चहा आणला. माझ्या यादीप्रमाणे अक्कानं खुर्चीतच बसून राहायचं होतं आणि मी तिला चहा आणून द्यायचा होता. ती बाहेर जाऊन काउंटरजवळ उभी होती. म्हातारी तिला विचारत होती की मुळात हा इतके दिवस घरात का बसलाय.

"गिरा था," अक्का सांगत होती. "लोगों के सामने. हात मोडा नहीं, पाय मोडा नहीं."

"फिर?"

"लोग हँसे."

म्हातारीनं चहाचा घोट घेतला. "लोग तो किसी पे भी हँसते. मैं अपने बेटे के वलीमे की दावत में पूरी देग ले के गिरी. आज तक बोलते हैं, उस दिन बिर्याणी अच्छी थी."

अक्का हसली. दीड वर्षात तिला मी अशी हसताना पाहिलं नव्हतं, तोंडाला पदर न लावता. चहा सांडला. मागची मुलं तिच्याभोवती आली, मावशी, तुम्हाला इंग्रजी येतं का, मग कळतं कसं. ती म्हणाली, "तोंड दखी समजस." दाजी भिंतीला टेकून समोसा खात होते.

उत्तरार्धात उडत्या घराबाहेर पडला. शक्ती परत आलेली नव्हती. तो बंदरावर गेला आणि आपल्या जुन्या क्रेनची शिडी चढायला लागला, हातापायांनी, एकेक दांडा. खाली सगळं शहर जमलं होतं. मी स्वतः सिनेमा बघताना शक्यतो घड्याळ बघते, पण त्या शिडीला किती दांडे होते ते मोजायचं माझ्या लक्षात आलं नाही. तो टोकावर गेला आणि त्यानं उडी मारली आणि तो सरळ खाली, समुद्रात पडला.

पडद्यावरची गर्दी गप्प. उडत्या पाण्यातून वर आला, धक्क्याला धरून बाहेर आला, आणि निथळत पुन्हा त्याच शिडीकडे गेला.

"पुन्हा जास," दाजी म्हणाले.

अक्कानं माझा हात धरला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. "माले नही दखनं. सांग माले."

मी सांगायला तोंड उघडलं आणि नुसतं 'शिडी, शिडी' एवढंच म्हणत राहिले. माझं काय झालं होतं कोण जाणे, इतक्या वर्षांत इतकी भरारी पथकं अंगावर घेतलेली मी बाई. शेवटी म्हातारीनंच सांगितलं. ती पूर्ण मागे वळली होती, पडदा बघायचा तर मान मोडायची वेळ, आणि अक्काच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगत होती. "चढ रहा है. आधा चढ गया. रुका. नहीं, चढ रहा है. ऊपर पहुँच गया, बहनजी. नीचे देख रहा है. मत देख रे. कूदा." मग एक क्षण काहीच नाही. मग, "उडा. उडा, बहनजी, आँख खोलो."

अक्कानं डोळे उघडले. उडत्या बंदरावरून, बोटींवरून, स्वतःच्या घराच्या कौलांवरून चालला होता आणि दारात त्याची आई हात डोळ्यांवर धरून वर बघत होती. अक्का उभी राहिली. मग आम्ही सगळेच उभे राहिलो. टाळ्या वाजवल्या, मुलांनी शिट्ट्या मारल्या, शिवणकामवाला आपल्या बायकोला सांगत होता की हाच खेळ बरा होता. मी इतक्या टाळ्या वाजवल्या की मांडीवर ठेवलेली यादीची वही कुठे पडली कळलं नाही.

बाहेर पडताना मी लिफ्टचं बटण दाबून उभी होते, तर अक्का म्हातारीचा हात धरून जिन्यानं निम्मी खाली गेलेली. दाजी माझ्याजवळ थांबले. मी विचारलं, "दाजी, सारखं काय म्हणतो, काय म्हणतो, हे मुद्दाम विचारत होतात का?"

"कान कमी शे, मॅडम," दाजी म्हणाले.

अक्का गाडीत बसत होती तेव्हा मला गुरुवारबद्दल विचारायचं होतं. विचारलं नाही. मला उत्तर आजच्या आज लागतं, पण त्या दिवशी मी ते गिळलं. अक्का सोनगीरपर्यंत सिनेमाच बोलत होती, असं नंतर कळलं, आणि पुढे काहीच बोलली नाही.

गुरुवारी ऑफिसात परीक्षेचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. साडेअकरापर्यंत मी स्वतःला थांबवलं. मग फोन लावला. दाजींनी उचलला.

"अक्काला द्या."

"ती नही शे."

"कुठे गेली?"

"सकायनी गयेल शे. शेजारे. लाल साडी नेसी गई." दाजी थांबले. "माले चहा बी नही करी गई."

"आणि गुडघा?"

"तो आठेच सोडी गई वाटस."

दाजी म्हणाले, "थांब," आणि फोन घेऊन चालत ओट्यावर गेले. आधी नुसती खरखर, कुत्र्याचं भुंकणं, भांड्यांचा आवाज. मग माइकवरून अक्का. तिचा आवाज थोडा घोगरा झाला होता, दीड वर्षात लागलेला गंज. नवरदेवाचा मामा कंजूष आहे, येताना रिकाम्या हातानं आला आणि जाताना दोन डबे भरून नेणार आहे, असं ती गाण्यात सांगत होती आणि बायका तिच्या मागून ओळ उचलत होत्या. मध्येच एक ओळ चुकली, ती चुकीसकट तशीच पुढे गेली.

माझ्या खिडकीसमोर फॉर्म घेऊन मुलांची रांग लागली होती. पुढच्या मुलीनं हलकेच काचेवर टिचकी मारली. मी फोन कानाशी तसाच धरून तिला बोटानं खूण केली, थांब.